गव्हाची पोळी आणि चोंदलेलं नाक

"पोळी सोडून बघ, सायनस महिन्याभरात जाईल." हा सल्ला हल्ली लग्नाच्या पंगतीत मिळतो आणि घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही. सांगणारा मनापासून सांगत असतो. ऐकणारा वर्षानुवर्षं नाकाने बेजार झालेला असतो: घशात उतरणारा कफ, वाकलं की गालात आणि कपाळात ठणका, फोडणीचा वासही येईनासा झालेला. औषधं आणि काढे करून झालेले असतात. त्या मानाने पोळी सोडणं सोपं वाटतं, म्हणून तो ती सोडतो. मला काळजी वाटते ती या घाईची, कारण तिच्यात कधी कधी खरा आजार हातून निसटतो.

"मला सायनस आहे" असं आपण म्हणतो. खरं तर सायनस प्रत्येकालाच असतात. कपाळ, गाल आणि डोळ्यांच्या मधल्या हाडांतल्या त्या हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांच्या अस्तराला सूज आली की सायनसायटिस होतो आणि त्रास 12 आठवडे किंवा त्याहून जास्त टिकला तर त्याला दीर्घकालीन म्हणतात. त्याचं निदान नुसत्या लक्षणांवर होत नाही. नाकात दुर्बीण घालून किंवा सीटी स्कॅन करून सूज दिसावी लागते. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुढचा बराच गोंधळ टळतो.

ग्लूटेन म्हणजे गहू, सातू आणि राय या धान्यांतली प्रथिनं. कणीक ताणली की तुटत नाही, ते त्यांच्यामुळेच. गव्हामुळे होणारे त्रास तीन प्रकारचे आहेत आणि बोलताना आपण तिन्ही एकाच पोत्यात भरतो. पहिला सीलिअ‍ॅक आजार. यात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. दुसरी गव्हाची अ‍ॅलर्जी. तिसरा, ज्यांना हे दोन्ही नाहीत पण गहू खाल्ल्यावर पोट फुगतं, थकवा येतो, डोकं जड होतं, अशांचा त्रास. त्यालाच ग्लूटेन संवेदनशीलता म्हणतात आणि सायनसच्या गप्पांत बहुतेक वेळा तीच अभिप्रेत असते.

या तिसऱ्या प्रकारासाठी आजही कुठली रक्ततपासणी नाही. त्यात दोष ग्लूटेनचाच असतो, हेही पक्कं नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःहून ग्लूटेन सोडलेल्या 59 जणांना त्यांनी आलटून पालटून तीन प्रकारच्या खाऊच्या वड्या दिल्या. एकीत ग्लूटेन होतं, दुसरीत फ्रुक्टान नावाची साखरेची साखळी, तिसरीत दोन्ही नव्हतं. कुठली वडी कधी खाल्ली हे त्यांना ठाऊक नव्हतं. पोट जास्त फुगलं ते फ्रुक्टानने. फ्रुक्टान गव्हात असतं, तसंच कांद्यात आणि लसणातही असतं. म्हणजे पोळी सोडून भाकरीबरोबर ठेचा आणि कांदा खाणारा माणूस ज्याच्यापासून पळतो आहे, ते त्याच्या ताटात आहेच.

नाकाचं काय? दीर्घकालीन सायनसायटिसच्या उपचारांसाठी डॉक्टर ज्या मार्गदर्शक सूचना वापरतात, त्यांत सरसकट ग्लूटेन सोडण्याचा सल्ला नाही. "गव्हाने कफ वाढतो" हेही वाक्य वैद्यकीय कसोटीवर उभं राहत नाही. निरोगी माणसाचं नाकही दिवसाला लिटरभर शेंबूड तयार करतं आणि आपण तो नकळत गिळतो. सूज आली की तो घट्ट होतो, वाट अडते आणि आपल्याला तो वाढल्यासारखा वाटतो.

मग पोळी सोडून बरं वाटलं, ते खोटं?

मुळीच नाही. बरं वाटलेलं खरंच असतं. ते कशामुळे वाटलं, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं जे उत्तर सर्वात उपयोगी आहे, ते फार कमी लोकांना माहीत असतं. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'सायनसची डोकेदुखी' असल्याचं मानणारे किंवा तसं निदान झालेले 2,991 रुग्ण तपासले. त्यातल्या 88 टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनच्या लक्षणांत बसणारं निघालं. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, वाहतं, डोळ्यांतून पाणीही येतं, म्हणून फसगत होते. सीलिअ‍ॅक आजार असलेल्यांत मायग्रेनचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं आणि ग्लूटेन थांबवल्यावर काहींची डोकेदुखी कमी होते. तेव्हा पोळी सोडून ज्याचं 'सायनस' गेलं, त्याचा सायनसशी संबंध कधीच नसेल, हे अगदी शक्य आहे. त्याला गरज आहे ती मायग्रेनच्या आणि सीलिअ‍ॅकच्या तपासणीची.

शिवाय नाकाचा त्रास ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो. आपण उपाय सुरू करतो तो त्रास शिगेला असताना, आणि तिथून उतार पडणारच असतो.

गहू नाकाला खरोखर भिडतो, तो पिठातून

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात गिरणीवाले आणि बेकरीतले लोक पिठाच्या धुळीने कसे आजारी पडतात, याची नोंद आहे. आज या दुखण्याला बेकरचा दमा म्हणतात. दम्याआधी बहुधा नाक सांगू लागतं: कामावर गेलं की शिंका, वाहणारं नाक, खाजणारे डोळे, आणि सुट्टीत आराम. ही श्वासातून आत जाणाऱ्या पिठाची अ‍ॅलर्जी आहे. तीत ग्लूटेनशिवाय गव्हातली इतरही प्रथिनं गुंतलेली असतात. यातले बरेच लोक भाजलेली पोळी आणि पाव विनात्रास खाऊ शकतात. कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर पांढऱ्या भुकटीत उभ्या असलेल्या माणसाचं नाक सतत गळत असेल, तर त्याला पथ्य सांगण्याआधी मास्क आणि हवा खेळती ठेवणारा पंखा हवा. आपल्याकडे याची दखल फारच कमी घेतली जाते, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा धागा याहून नाजूक आहे. नाक, घसा आणि आतडं यांच्या अस्तरावर आयजीए नावाची प्रतिपिंडं पहारा देतात. काही लोकांच्या शरीरात ती जन्मतःच जवळजवळ नसतात. अनेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, पण काहींना सायनस आणि छातीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. सीलिअ‍ॅक रुग्णांपैकी दोन-तीन टक्के लोकांत ही कमतरता आढळते, म्हणजे सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त. नेहमीचं गळणारं नाक आणि ग्लूटेनचा आजार एकाच माणसात येण्याची ही खरीखुरी वाट आहे. अडचण अशी की सीलिअ‍ॅकची नेहमीची रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, याच प्रतिपिंडांवर अवलंबून असते. ती प्रतिपिंडंच नसली तर आजार असूनही अहवाल निर्दोष येतो.

सीलिअ‍ॅक आपल्याकडे दुर्मीळ आहे, असं मानून गप्प बसण्यातही अर्थ नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत त्याचं प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के होतं, तर दक्षिणेत 0.10 टक्के.

ज्याला तो खरोखर आहे, त्याचं पथ्य आयुष्यभराचं आणि काटेकोर असतं. अर्धवट माहिती तिथे घात करते. खपली गव्हात ग्लूटेन नसतं असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे, खपली हा गहूच आहे. रवा, शेवया, लापशी यांचंही तेच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लूटेन नाही, पण गहू दळलेल्या जात्यातून लगेच ज्वारी काढली की पिठात गहू मिसळतो. डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. आमटीच्या फोडणीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

उरलेल्यांनी, म्हणजे बहुतेकांनी, नाकाचं दुखणं नाकातच शोधावं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं खरोखर उपयोगी आहे. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं, नळाचं थेट नको. डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा नियमाने वापरावा. कधी मूळ कारण वेगळंच असतं: वरच्या दाढेची कीड गालाच्या सायनसपर्यंत पोहोचते, मांसल गाठी वाट अडवतात, बुरशीची अ‍ॅलर्जी असते. एकाच नाकपुडीचा त्रास, रक्त, किंवा डोळ्याभोवती सूज असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे लगेच जावं.

आणि नाकाबरोबर जुनाट जुलाब, न भरून येणारा रक्तक्षय, मुलाची खुंटलेली वाढ किंवा घरात कुणाला सीलिअ‍ॅक असेल, तर तपासणी करावीच. ती पोळी सोडण्याआधी. ग्लूटेन बंद केलं की प्रतिपिंडं उतरतात, आतडं सावरू लागतं आणि निदान अवघड होऊन बसतं. मग तपासणीसाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. चिठ्ठीवर टीटीजी-आयजीएबरोबर 'एकूण आयजीए' लिहिलेलं नसेल तर डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावं. रक्त देऊन येईपर्यंत, आणि दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासायचं ठरलं तर तेही होईपर्यंत, घरात रोज होते ती पोळी खात राहावी.