चाक बसले, पण कुठे?

दुकानाच्या भिंतीवर टांगलेली मॅग व्हील्स आपण नेहमी दर्शनी बाजूने पाहतो. आऱ्यांची नक्षी कशी आहे, रंग काळा की चंदेरी, कड चकाकते का, एवढे पाहून निवड होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘माझ्या गाडीला कितीचं बसेल?’ उत्तरही ठरलेले असते, ‘सोळा आरामात, सतरापण बसेल.’ सगळा व्यवहार इंचांत उरकतो. खरे महत्त्वाचे आकडे मात्र चाकाच्या पाठीवर ओतलेले असतात आणि ते बहुतेक वेळा कोणी वाचतही नाही. १६ × ६.५ जे, ईटी ४०, ५ × ११४.३. यातला १६ हा व्यास आणि ६.५ ही टायर बसतो त्या जागेची रुंदी, दोन्ही इंचांत. जे म्हणजे रिमच्या कडेचा ठरावीक आकार. ११४.३ कडे नंतर येऊ. मधला ईटी ४० हा आकडा गाडीच्या वागण्यावर सर्वांत खोल परिणाम करतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

चाक उभे करून रुंदीत बरोबर मधोमध चिरले, तर जी रेषा मिळेल ती त्याची मध्यरेषा. चाकाची जी सपाट बैठक गाडीच्या हबला टेकते, ती या रेषेवरच असेल असे नाही. ती रेषेपासून जितके मिलिमीटर दूर, तितका त्या चाकाचा ऑफसेट. ईटी ही त्याची जर्मन खूण. बैठक रस्त्याच्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट धन, गाडीच्या आतल्या बाजूला असेल तर ऋण. धन आकडा वाढला की चाक मडगार्डच्या आत शिरते, घटला की बाहेर येते. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हा आकडा साधारण ३५ ते ५० च्या दरम्यान असतो, कारण हब, ब्रेकची डिस्क आणि सस्पेन्शनचा खालचा सांधा हे सगळे चाकाच्या पोकळीतच मावावे लागते. उलट मारुती जिम्नी पाहा. तिच्या कंपनी फिट चाकाचा ऑफसेट अवघा ५ आहे. तिचे अॅक्सल अखंड आहेत आणि सगळी रचनाच निराळी. जिम्नीचे चाक हॅचबॅकला किंवा हॅचबॅकचे जिम्नीला, हा विचारच चुकीचा.

हिशेब शाळकरी आहे आणि दुकानात जाण्यापूर्वी घरीच करता येतो. समजा, तुमच्या गाडीला १५ × ५.५ जे, ईटी ४५ अशी चाके आहेत. साडेपाच इंचांची निम्मी रुंदी सुमारे ७० मिलिमीटर. त्यातून ४५ वजा केले की उरतात २५. हबच्या बैठकीपासून चाक इतके बाहेर येते. ४५ मिळवले की ११५. इतके ते आत जाते. आता तुम्हाला आवडलेले चाक १६ × ७ जे, ईटी ३५ आहे. निम्मी रुंदी ८९. बाहेर ५४, आत १२४. म्हणजे नवे चाक बाहेरच्या बाजूला २९ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला ९ मिलिमीटर अधिक जागा खाणार. त्याच नक्षीचे, त्याच रुंदीचे चाक ईटी ४५ मध्ये मिळाले तर वाढ दोन्हीकडे सारखीच, १९ मिलिमीटर. भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेली ही दोन चाके डोळ्यांना एकसारखीच दिसतात. गाडीवर चढल्यावर एक मडगार्डच्या ओठाशी भिडते, दुसरे शॉकअपच्या नळीशी.

पाठीवर आकडा नसेल तर मोजून काढावा. चाक दर्शनी बाजू खाली करून जमिनीवर पालथे ठेवा, खाली जुने पोते किंवा पुठ्ठा घाला. वर आलेल्या दोन्ही कडांवर एक सरळ पट्टी आडवी टेकवा आणि पट्टीपासून हबच्या बैठकीपर्यंतचे अंतर टेपने घ्या. समजा, ते १३५ मिलिमीटर भरले. मग चाकाची एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची पूर्ण रुंदी मोजा. ती लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त असते, कारण कडांची जाडी तिच्यात येते. साडेसहा इंची चाकाची ती १९० च्या आसपास भरते. तिचे निम्मे ९५. १३५ उणे ९५, म्हणजे ऑफसेट ४०. एवढ्या कामाला पाच मिनिटे पुरतात, आणि हजारो रुपये मोजण्याआधी ती द्यायलाच हवीत.

मडगार्डला घासत नसेल तर दहा-वीस मिलिमीटरने काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. इथे गाडीची भूमिती समजून घ्यावी लागते. स्टिअरिंग फिरवले की पुढचे चाक एका आसाभोवती वळते. हा आस सरळ उभा नसतो. त्याचे वरचे टोक गाडीच्या आत झुकलेले असते. ही तिरकी रेषा मनातल्या मनात खाली वाढवा. ती जमिनीला जिथे छेदते तो बिंदू आणि टायरच्या जमिनीवरील ठशाचा मध्य, यांतले आडवे अंतर म्हणजे स्क्रब रेडियस. ब्रेक दाबला की टायरच्या ठशावर मागे ओढणारे बल लागते आणि या अंतरामुळे ते बल चाकाला वळवू पाहते. दोन्ही बाजूंची पकड सारखी असेल तर डावी-उजवीची ओढ परस्परांना खोडून काढते. पण एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरे साइडपट्टीच्या खडीवर असेल तर?

तेव्हा पकड असलेल्या चाकाकडे अख्खी गाडी ओढली जाते. जर्मनीत १९७२ मध्ये आलेल्या आउडी ८० मध्ये अभियंत्यांनी हा छेदबिंदू मुद्दाम टायरच्या मध्याच्या बाहेर नेला, म्हणजे स्क्रब रेडियस ऋण ठेवला. त्या गाडीच्या ब्रेकची दोन सर्किटे तिरकी जोडलेली होती. एक निकामी झाले तर पुढचे एकच चाक ब्रेक धरणार आणि गाडी त्या बाजूला फिरू पाहणार. ऋण अंतरामुळे पकड असलेले चाक स्वतःच थोडे आत वळते, म्हणजे गाडी फिरू पाहते त्याच्या विरुद्ध दिशेला. चालकाने काही करण्याआधीच भूमिती त्याच्या मदतीला आलेली असते. इतके देखणे अभियांत्रिकी फार थोड्या ठिकाणी सापडते.

आता त्यात ऑफसेट घालून पाहा. ऑफसेट १ मिलिमीटरने कमी केला की ठशाचा मध्य १ मिलिमीटर बाहेर सरकतो. एखाद्या गाडीत हे अंतर उणे ८ मिलिमीटर असेल आणि आपण ईटी ४५ ऐवजी ईटी ३५ बसवला, तर ते अधिक २ होते. आत वळून सावरणारे चाक आता किंचित बाहेर वळू लागते. ईटी १५ बसवला, तर थेट अधिक २२. मग ब्रेक दाबताना स्टिअरिंग हातात ओढ घेते, रस्त्याच्या चरांमागे गाडी भरकटते, आणि अलाइनमेंट कितीही वेळा करून घेतले तरी दोष जात नाही, कारण दोष अलाइनमेंटचा नसतोच. बेअरिंगवरचा भारही बाहेर सरकतो, तो वेगळाच. एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी. ऑफसेट तोच ठेवून नुसती रुंदी वाढवली तर मध्यरेषा हलत नाही आणि ही भूमिती शाबूत राहते. म्हणून माझा आग्रह असा, की रुंदी अर्ध्या इंचाने वाढवायची तर वाढवा, पण ऑफसेट कंपनीच्या आकड्याच्या पाच-सात मिलिमीटर आसपासच ठेवा. स्पेसर हा यावरचा उपाय नव्हे. २० मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे ऑफसेट २० ने कमी. शिवाय साधा स्पेसर टाकला की नटाला धरायला स्टडची लांबी तितकी कमी उरते.

टायरचा हिशेब त्या मानाने सोपा. १८५/६५ आर १५ मध्ये १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६५ हे तिच्या किती टक्के उंची, ते. साइडवॉल १२० मिलिमीटर, पूर्ण व्यास सुमारे ६२१. त्याजागी १९५/५५ आर १६ घेतला तरी व्यास ६२१ च भरतो. स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. १९५/६० आर १६ घेतला तर व्यास ६४० होतो, म्हणजे काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ ने धावते. शिवाय टायर वर स्प्रिंगच्या बैठकीजवळ जातो. २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६ आहे, तो चालेल; पण साइडवॉल उरते ९२ मिलिमीटर. खड्ड्याचा धक्का आधी तीच झेलते. आपल्याकडच्या पावसाळ्यातले रस्ते पाहता मी छोट्या गाडीला एका इंचापेक्षा जास्त वाढ सुचवणार नाही. भार निर्देशांकही पाहावा. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. मोठ्या चाकावरचा बारीक टायर पुष्कळदा कमी भाराचा असतो.

आता ११४.३. नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा हा व्यास, पीसीडी. आकडा विचित्र वाटतो, पण तो साडेचार इंचांचा आहे, जिम्नीचा १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. स्विफ्टला ४ × १००, क्रेटाला ५ × ११४.३, पोलोला ५ × १००. धोका असतो तो जवळजवळ सारख्या आकड्यांत. फियाट पुंटोचा पीसीडी ४ × ९८ होता. तिला ४ × १०० चे चाक चढते, बोल्ट घट्ट झाल्यासारखेही वाटतात. पण प्रत्येक बोल्ट भोकाच्या मध्यापासून एक मिलिमीटर आत असल्यामुळे त्याचा शंकू बैठकीत एकाच बाजूला टेकतो. असे बोल्ट चालत्या गाडीत सैल होतात. नटाच्या टोकाचा आकारही जुळला पाहिजे. होंडाच्या मूळ नटांचे टोक गोलाकार असते, बाजारातल्या बहुतेक मॅग व्हील्सना शंकूच्या टोकाचे लागतात. जुनेच नट नव्या चाकावर आवळले तर ते जेमतेम एका कडेवर टेकतात. मधल्या भोकाचेही तसेच. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, क्रेटाचा ६७.१ चा. बाजारातल्या चाकाचे भोक बहुधा मोठे असते. त्या फटीत नेमक्या मापाची रिंग बसवली तर चाक अचूक मध्यावर येते, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते.

चाकाच्या मजबुतीची चाचणी पाहण्यासारखी असते. आयएसओ ७१४१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टायर चढवलेले चाक १३ अंशांत तिरके धरतात आणि त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. वजन किती, तर चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. ५०० किलोच्या चाकावर ४८० किलो. आरे तडकले किंवा एका मिनिटात टायरमधली सगळी हवा गेली तर चाक नापास. पुण्यात एआरएआय ही संस्था चाकांच्या अशा चाचण्या करते. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल ही खूण उत्पादक स्वतः ओततो, तर व्हीआयए ही त्रयस्थ संस्थेकडच्या नोंदणीची खूण. अशी कुठलीच खूण आणि कमाल भाराचा आकडा पाठीवर नसेल, तर ते चाक कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

बसवून घेताना आधी एकच चाक पुढे आणि एक मागे चढवायला सांगा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. शॉकअप आणि टायर यांच्या फटीत करंगळी सहज फिरली पाहिजे. मग मागे तिघांना बसवून एक गतिरोधक पार करा आणि आतले प्लास्टिक बॅटरीच्या उजेडात तपासा. घासले असेल तिथे चकचकीत पट्टा दिसतो. सगळे ठीक असेल तर उरलेली दोन चाके चढवा. शेवटचे आवळणे एअर गनने नको, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहून टॉर्क पान्याने करा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो १०० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. आणि नवे अॅल्युमिनियम बैठकीत बसताना थोडे दबते, म्हणून शंभर किलोमीटर झाल्यावर चारही चाकांचे नट त्याच पान्याने पुन्हा तपासून घ्या.