शेकरू आणि धनेश

शेकरू आपला राज्यप्राणी. त्याला पाहायचं तर आम्हा पुणेकरांना भीमाशंकर गाठावं लागतं. धनेशाचं तसं नाही. विश्रांतवाडीत उंबर पिकले की राखी धनेश हजर. ओरडणं थेट घारीसारखं. दोघंही झाडावर राहणारे, दोघांनाही वड-उंबराची फळं प्रिय. मग एक शहरात रमला आणि दुसरा का नाही?

उत्तर त्यांच्या घरांत सापडतं. शेकरू काटक्या-पानांचं गोल घरटं स्वतः बांधतो, तेही एक नाही, अनेक. एक मोडलं तर दुसऱ्यात जातो. धनेशाला ढोली कोरता येत नाही. त्याला म्हातारं, पोकळ झाड आयतं मिळावं लागतं. उन्हाळ्यात मादी ढोलीत शिरते, विष्ठेने तोंड लिंपून घेते आणि जेमतेम चोच मावेल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून पडतात. बाहेरून नर एकेक फळ भरवत राहतो. ऑस्ट्रेलियात कोआलासारखे झाडावरचे प्राणी पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवतात. इथे या पक्षिणीने झाडाचीच पिशवी केली आहे, असं माझ्यातल्या कवीला वाटतं. पण त्या दिवसांत नर मारला गेला, तर आतल्यांवर उपासमारीची पाळी येते. वाळकं खोड म्हणून कुणी ते झाड पाडलं, तर मादीला उडूनही जाता येत नाही.

खाण्यातही फरक आहे. शेकरू पुष्कळदा बीच फोडून खातो. धनेश फळ अख्खं गिळतो आणि बी दूर कुठेतरी टाकतो. रानाची पेरणी करणारा म्हणाल तर तो धनेश.

मग शेकरूचं अडतं कुठे? वाटेत. धनेश इमारती, रस्ते ओलांडून पुढच्या झाडावर जातो. शेकरूची वाट म्हणजे फांदीला लागलेली फांदी. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. उडी मोठी, वीसेक फुटांची, पण तिलाही हद्द आहे. भीमाशंकरला १९८५ साली अभयारण्य झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, ते मुख्यतः याच्यासाठी. तिथेही झाडांचा माथा जिथे तुटतो, तिथे शेकरू थांबतो. पलीकडे उंबर पिकलेला दिसत असला तरी.