जुनं घड्याळ घेताय? आधी डायल वाचा! (ओरिजनल की रीडायल, कसं ओळखायचं)



जुन्या घड्याळांचा धंदा कमी भांडवलात सुरू करता येतो. एचएमटी, फावर ल्युबा, जुनी सायको अशी घड्याळं घरोघरी कपाटात पडून आहेत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि त्या घड्याळांची मागणी आणखी वाढली. पण या धंद्यात पैसा अडकतो तो डायलमध्ये. मशीन दुरुस्त होतं, काच नवी बसते, पट्टा बदलता येतो. मूळ डायल एकदा घासून रंगवला की तो परत येत नाही.

रीडायल म्हणजे जुना डायल साफ करून, पुन्हा रंगवून त्यावर नवीन छपाई केलेली. आपल्याकडून अशी इतकी घड्याळं बाहेर गेली, की परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. कौतुकाने नाही बरं का!

चला, तपासणी क्रमाने बघू. हाताशी १० पट मोठं दाखवणारं भिंग आणि टॉर्च ठेवा.

१. अक्षरं बघा. कारखान्यातली छपाई भिंगाखालीही रेखीव दिसते. कडा स्वच्छ, शाई सगळीकडे सारखी. रीडायलमध्ये अक्षरं जाड होतात, शाई पसरते, दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त होतं. कंपनीचं नाव नीट जमलेलं असतं, पण खालची बारीक अक्षरं फसतात. म्हणून सहाच्या आकड्याखाली आधी बघा.

२. मिनिटांच्या रेषा बघा. रेष आणि तासाची खूण एका ओळीत हवी. चिकटवलेल्या धातूच्या खुणा असतील तर त्यांच्या बुडाशी रंग साचलाय का, तेही बघा.

३. घड्याळ उजेडात फिरवा. काही डायलवर मध्यापासून किरणांसारख्या बारीक रेघा असतात. वरून जाड रंग बसला की ती चमक मरते.

४. रेडियम बघा. अंधारात चमकणाऱ्या मसाल्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो. स्विस घड्याळावर तळाशी ‘टी स्विस टी’ असेल तर तो ट्रिटियम. त्याची ताकद साधारण १२ वर्षांत निम्मी होते. ४०-५० वर्षांपूर्वीचं घड्याळ आज रात्रभर लख्ख चमकत असेल, तर मसाला नंतर भरलाय. काट्यांचा आणि डायलचा मसाला एकाच वयाचा दिसायला हवा. आणि १९६० च्या आधीच्या घड्याळात खरंच रेडियम असू शकतं. ते खरवडू नका, धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे.

५. डायलची मागची बाजू. हे काम कारागिराकडूनच करून घ्या. मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकात बसतात. पाय कापलेले आणि डायल गोंदाने चिकटवलेला असेल, तर तो बहुधा दुसऱ्या मशीनचा आहे.

६. जोडीला जोड लावा. त्याच मॉडेलचे चार-पाच फोटो आणि जमलं तर कंपनीचा जुना कॅटलॉग बघा. एकाच फोटोवर विसंबू नका, तो फोटोच रीडायलचा असू शकतो! केस झिजलेली आणि डायल कोरा करकरीत, किंवा जनतासारख्या साध्या मॉडेलवर भडक रंग, असं दिसलं की संशय घ्या. पण एका खुणेवर निकाल देऊ नका. दोन-तीन खुणा एकाच बाजूला बोलल्या, की मग ठरवा.

आता हिशोब. समजा एक घड्याळ ओरिजनल असेल तर ४,००० ला जाईल, रीडायल असेल तर १,५०० ला. तुम्ही २,५०० ला घेतलं. ओरिजनल निघालं तर १,५०० सुटले, रीडायल निघालं तर १,००० गेले. म्हणून साधा नियम: खात्री नसेल तर रीडायलच्या भावाने घ्या, नाहीतर सोडून द्या. विकणारा घाई करत असेल तर तुम्ही आणखी सावकाश बघा.

विकताना काय? रीडायल विकण्यात काही गैर नाही. ओरिजनल सांगून रीडायल विकणं, ही फसवणूक. पावतीवर तीनपैकी एक गोष्ट स्पष्ट लिहा: ‘ओरिजनल डायल’, ‘रीडायल’ किंवा ‘खात्री नाही’. तिसरं लिहायला लाजू नका. असं लिहिणाऱ्या दुकानदाराच्या पहिल्या दोन शब्दांवर गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास ठेवतं.

आणि एक. कुणी आजोबांचं घड्याळ घेऊन येईल, “डायल नवा करून द्या” म्हणेल. काम घेण्याआधी त्यांना सांगा, “दादा, हे डाग आजोबांच्या मनगटावरचे आहेत. रंगवला की किंमतही कमी होईल आणि ही खूणही जाईल. मशीन साफ करून देतो, डायल राहू द्या.” तरीही हवं असेल तर जरूर करून द्या, घड्याळ त्यांचं आहे. पण आधी सांगणं आपलं काम.

घरात एखादं जुनं घड्याळ असेल तर आजच भिंग लावून या क्रमाने बघा. दहा घड्याळं अशी बघितली, की अकरावं घेताना हात थरथरणार नाही.