ऊर्जा नियोजनातील उणिवा : बोदवड तालुक्याच्या निमित्ताने

विदर्भातील खाणींचा कोळसा घेऊन भुसावळकडे जाणाऱ्या मालगाड्या बोदवड स्थानकावरून पुढे जातात. दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात हा कोळसा जळतो आणि त्यापासून निर्माण झालेली वीज राज्यभर पोहोचते. या केंद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे दोन संच २०१२ च्या सुमारास सुरू झाले व त्यानंतर ६६० मेगावॉटचा आणखी एक संच उभारण्यात आला. पश्चिमेस धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. ऊर्जानिर्मितीच्या दृष्टीने खानदेश हा संपन्न प्रदेश आहे, असेच म्हणावे लागेल.

तथापि याच प्रदेशात, ज्या कृषी वाहिन्यांवर दिवसा वीजपुरवठा होऊ शकलेला नाही, तेथील शेतकऱ्याला हरभऱ्याला पाणी देण्यासाठी थंडीच्या रात्री विजेरी घेऊन बांधावर जावे लागते. अनेक घरांतील चूल अद्याप कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पेटते. निर्मितीची विपुलता आणि वापरातील ही ओढाताण यांमध्ये जे अंतर आहे, तीच ऊर्जा नियोजनातील उणीव होय. हे अंतर नेमके कोठे पडते, हे पाहिल्यावाचून ते भरून काढता येणार नाही.

उणिवा शोधण्याची पद्धत

संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ मध्ये ‘सर्वांसाठी शाश्वत ऊर्जा’ हा उपक्रम हाती घेतला. प्रत्येकाला आधुनिक ऊर्जा मिळावी, ऊर्जा कार्यक्षमतेतील सुधारणेचा वेग दुप्पट व्हावा आणि नवीकरणीय ऊर्जेचा वाटाही दुप्पट व्हावा, अशी तीन उद्दिष्टे २०३० पर्यंत गाठण्याचे त्यात ठरले. पुढे २०१५ मध्ये शाश्वत विकासाच्या सतरा ध्येयांत ऊर्जेला सातवे स्थान मिळाले. या उपक्रमात सहभागी झालेल्या अनेक देशांनी आपापल्या धोरणांचा आढावा घेतला. त्या आढाव्याचे सूत्र सोपे आहे. आजची स्थिती काय, उद्दिष्ट कोणते, त्यासाठी कायदा, संस्था, पैसा व माणसे किती उपलब्ध आहेत आणि एवढे सर्व करूनही कोणते अंतर शिल्लक राहते, हे चार प्रश्न क्रमाने विचारावयाचे. राष्ट्राला लागू पडणारे हे प्रश्न तालुक्याला व ग्रामपंचायतीलाही तितकेच लागू पडतात.

आतापर्यंतची वाटचाल

आपल्या देशात ऊर्जेच्या नियोजनाचा विचार नवा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७४ मध्ये इंधन धोरण समितीचा अहवाल आला. १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. महाराष्ट्रात १९८५ मध्ये महाऊर्जा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, ही संस्था अस्तित्वात आली. याच काळात नियोजन आयोगाने एकात्मिक ग्रामीण ऊर्जा कार्यक्रम सुरू केला. स्वयंपाक, शेती, दिवाबत्ती व ग्रामोद्योग यांना लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब विकास गटाच्या पातळीवर एकत्र मांडावा, ही त्यामागील कल्पना होती. सहाव्या योजनेत प्रायोगिक स्वरूपात आणि सातव्या योजनेत अधिक व्यापक प्रमाणावर हा कार्यक्रम राबविण्यात आला. पुढे मात्र गटपातळीवरील ऊर्जा आराखड्याची ही परंपरा टिकली नाही.

त्यानंतर धोरणे पुष्कळ आली. केंद्राने २००८ मध्ये एकात्मिक ऊर्जा धोरणास मान्यता दिली. निती आयोगाने २०१७ मध्ये राष्ट्रीय ऊर्जा धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. राज्याच्या २०२० च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. तरीही वीज, कोळसा, पेट्रोलियम आणि नवीकरणीय ऊर्जा हे विषय केंद्रात निरनिराळ्या मंत्रालयांकडे आहेत आणि त्यांच्या योजना गावात निरनिराळ्या वाटांनी येतात. विहिरीवरचा पंप एका योजनेत, स्वयंपाकाचा गॅस दुसऱ्या योजनेत आणि छतावरचे सौरसंच तिसऱ्या योजनेत मोडतात. लाभार्थी कुटुंब मात्र एकच असते. या सर्वांची बेरीज जेथे व्हावयास हवी, त्या तालुक्याच्या पातळीवर ती होत नाही, ही पहिली उणीव होय.

मोजमाप कशाचे?

दुसरी उणीव मोजमापाची आहे. २००४ च्या व्याख्येनुसार गावातील किमान दहा टक्के घरांत व सार्वजनिक ठिकाणी वीज आली की ते गाव विद्युतीकृत समजले जाते. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग येथे वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाले. ही निश्चितच मोठी कामगिरी होती. परंतु तारा पोहोचणे आणि उपयुक्त सेवा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागतिक बँकेने २०१५ मध्ये पुरस्कृत केलेल्या चौकटीत वीज आहे की नाही एवढेच न पाहता ती किती तास मिळते, सायंकाळी मिळते काय, दाब योग्य असतो काय आणि तिचा खर्च परवडतो काय, यांवरून सेवेच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. गावातील रोहित्र जळाल्यावर ते किती दिवसांत बदलले गेले, हा आकडा जोडण्यांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.

क्षमतेच्या आकड्यांबाबतही असेच भान ठेवावे लागते. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित विद्युतक्षमतेपैकी निम्मा वाटा जीवाश्म इंधनाशिवाय चालणाऱ्या प्रकल्पांचा झाला. पण एक मेगावॉटचा सौरसंच वर्षाकाठी साधारणपणे १५ ते १७ लाख युनिट वीज देतो, तर तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक संच नीट चालल्यास ६० लाखांच्या आसपास वीज देऊ शकतो. म्हणून स्थापित क्षमता निम्म्यावर आली, तरी प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा अद्याप मोठा आहे. शिवाय सूर्य मावळल्यावर घरोघरी मागणी वाढते. ही वेळ निभावण्यासाठी साठवणुकीची सोय हवी. राज्यातील घाटघर येथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. तेथे मागणी कमी असताना पाणी वर चढविले जाते आणि मागणी वाढताच ते खाली सोडून वीज निर्माण केली जाते. सौरक्षमता जितक्या वेगाने वाढेल, तितक्याच वेगाने अशी साठवण वाढली पाहिजे.

पाण्याचा आणि विजेचा एक हिशेब

बोदवड परिसरात ऊर्जेचा प्रश्न मुख्यतः पाण्याचा प्रश्न आहे. तालुक्याचा मोठा भाग कोरडवाहू असून कापूस, मका, ज्वारी व हरभरा ही येथील पिके आहेत. पूर्णा नदीचे पावसाळ्यातील पाणी उपसून जळगाव व बुलढाणा जिल्ह्यांतील शेतीला देण्यासाठी बोदवड परिसर सिंचन योजना हाती घेण्यात आली आहे. उपसा योजनेत धरणाचा वा कालव्याचा खर्च एकदाच करावा लागतो. पाणी चढविण्याचा खर्च मात्र प्रतिवर्षी येतो. म्हणून अशा योजनेच्या आराखड्यात पाण्याच्या घनमीटरांसमवेत विजेच्या युनिटांचाही ताळेबंद असणे आवश्यक आहे.

विहिरीच्या बाबतीत हा हिशेब शेतकऱ्यालाही करता येतो. एक एकरास पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची, तर सुमारे २०० घनमीटर पाणी लागते. पाणी १५ मीटरवर असेल आणि पंपसंचाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर यासाठी साधारण २० युनिट वीज खर्च होते. पाणी ६० मीटर खोल गेले की तेवढ्याच पाळीला ८० युनिटांहून अधिक वीज लागते. अशा खोल विहिरीवर ५५ टक्के कार्यक्षमतेचा पंप बसविला, तर हाच खर्च ६० युनिटांवर येतो. ठिबक सिंचनाने पाण्याची गरज कमी झाली, तर त्या प्रमाणात विजेचीही बचत होते. यावरून भूजलाचे पुनर्भरण, पंपाची निवड आणि ठिबक संच हे तीनही ऊर्जा धोरणाचेच भाग ठरतात. जिल्ह्यातील केळीच्या पट्ट्यात, रावेर व यावल तालुक्यांत, भूजल किती खाली जाऊ शकते हे दिसून आले आहे. बोदवडला तो अनुभव घेण्याची वेळ येऊ नये.

शासनाने या क्षेत्रात मोठी पावले उचलली आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात किमान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर ऊर्जेवर आणण्याचे लक्ष्य ठेवण्यात आले. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यावयाची, अशी ही योजना आहे. तीत खासगी जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ देण्याची तरतूद आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या दहा टक्के, तर अनुसूचित जाती व जमातींच्या शेतकऱ्यांस पाच टक्के रक्कम भरावी लागते. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत वीज देण्यात येत आहे.

या उपायांनी शेतकऱ्याचा भार हलका होतो, रात्रीची पायपीट टळते. तथापि मोफत वीज असो वा सूर्यप्रकाश, पाणी उपसण्यास पैसा लागत नाही, तेव्हा ते जपून वापरण्याचे आर्थिक कारणही उरत नाही. शेजारच्या गुजरातमधील खेडा जिल्ह्यात, धुंडी या गावी, शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था स्थापन केली. सिंचनानंतर उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. वाचविलेल्या पाण्याचे मोल त्यांना वाचविलेल्या विजेच्या रूपाने मिळाले. सौरपंप आणि भूजल यांची सांगड घालण्याचा हा विचार आपल्याकडील नियोजनातही यावयास हवा.

चुलीकडे दुर्लक्ष नको

ऊर्जा म्हटले की वीजच डोळ्यांपुढे येते. ग्रामीण घरात मात्र स्वयंपाकाचे इंधन हा ऊर्जेच्या खर्चाचा मोठा भाग असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करीत होती. ग्रामीण भागात हे प्रमाण ४३.२ टक्के होते. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून कोट्यवधी घरांत गॅसची जोडणी नेली. पण जोडणी मिळाल्यावर वर्षात किती वेळा टाकी भरली गेली, हा प्रश्न निराळा आहे. शेतातील पऱ्हाटी व तुराटी विनामूल्य मिळते, टाकीला रोख रक्कम लागते. धुराचा त्रास स्त्रिया व लहान मुले सोसतात, म्हणून तो कोणत्याही वीज बिलात दिसत नाही. पऱ्हाट्यांपासून कांडी-कोळसा, जनावरे असलेल्या घरी गोबर गॅस, असे स्थानिक पर्याय आहेत. मात्र पूर्वी उभारलेली अनेक गोबर गॅस संयंत्रे शेणाच्या तुटवड्यामुळे व दुरुस्तीअभावी बंद पडली, हा धडा विसरता येणार नाही. सौर पथदिव्यांच्या बाबतीतही तसेच आहे. बॅटरी निकामी झाल्यावर ती कोणी व कोणत्या निधीतून बदलावयाची, हे उभारणीपूर्वीच ठरले पाहिजे.

ग्रामपंचायतीची ऊर्जा नोंदवही

या उणिवा भरून काढण्याचा आरंभ गावापासून होऊ शकतो. ‘आमचा गाव, आमचा विकास’ उपक्रमान्वये प्रत्येक ग्रामपंचायत आपला विकास आराखडा तयार करते. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातील पंचतत्त्वांपैकी अग्नी हे तत्त्व ऊर्जेशी निगडित आहे. असे असूनही आराखड्यातील ऊर्जेचे कलम बहुधा पथदिव्यांपाशीच थांबते. तेथे एक साधी ऊर्जा नोंदवही असावी. गावातील पंपांची संख्या व अश्वशक्ती, उन्हाळ्यातील व हिवाळ्यातील पाण्याची पातळी, वाहिनीवर मिळालेले विजेचे तास, रोहित्र बंद राहिल्याचे दिवस, स्वयंपाकाच्या इंधनाचा प्रकार, पाणीपुरवठा व पथदिव्यांचे मासिक बिल, बंद असलेले सौरसंच आणि सौर प्रकल्पास योग्य अशी पडीक जमीन, एवढ्या बाबी तीत नोंदविल्या तरी पुरे.

हे काम अवघड नाही. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना भूगोल व विज्ञानाच्या प्रकल्पात विहिरींची पातळी मोजता येईल. ग्रामपंचायत अधिकारी बिलांची नोंद ठेवू शकतील, तर वीज वितरणाचे स्थानिक कर्मचारी वाहिनीची माहिती देऊ शकतील. पंचायत समितीने गावोगावच्या नोंदी एकत्र केल्या म्हणजे तालुक्याचा ऊर्जा ताळेबंद तयार होईल. कोणत्या वाहिनीला सौर प्रकल्पाची निकड आहे, कोणत्या गावात नव्या पंपांपूर्वी पुनर्भरणाची कामे हवीत, हे त्यावरून ठरविता येईल. जमीन देताना गावाची चराऊ कुरणे शिल्लक राहतात काय, हेही ग्रामसभेत आधीच तपासले जाईल.

राष्ट्राने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय स्वीकारले आहे. त्या दिशेने जाताना दीपनगरसारख्या केंद्रांतील कामगारांचे प्रशिक्षण आणि नव्या उद्योगांची आखणीही वेळीच करावी लागेल. धोरणाची दृष्टी दूरवरची असावी, हे योग्यच आहे. परंतु त्या धोरणाचे यश शेवटी बोदवडसारख्या तालुक्यातील शेतकऱ्याच्या पिकाला दिवसाउजेडी पुरेसे पाणी मिळाले काय आणि घरातील चूल धुरावाचून पेटली काय, यावरूनच ठरेल. त्याची नोंद ज्या दिवशी ग्रामपंचायतीच्या दप्तरात होऊ लागेल, त्या दिवशी ऊर्जा नियोजनातील सर्वांत मोठी उणीव दूर होण्यास प्रारंभ होईल.