आठ सिलिंडरवाल्यांना भारी पडली सहा सिलिंडरची काळी ब्यूक

अमेरिकेत 'मसल कार' म्हणजे मोठ्या इंजिनाची, दमदार गाडी. सहसा आठ सिलिंडरची. पण १९८७ ची काळी ब्यूक जीएनएक्स निघाली सहाच सिलिंडरची, ३.८ लिटर इंजिनाची. तरी कंपनीने ताकद सांगितली २७६ हॉर्सपॉवर. त्याच वर्षीची आठ सिलिंडरची कॉर्व्हेट होती २४० ची!

हा जोर आला टर्बोमुळे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. आज आपल्याकडच्या डिझेल पिकअपमध्येही हेच तंत्र असतं.

अशा फक्त ५४७ गाड्या बनल्या. म्हणून मूळ रंग, मूळ इंजिन आणि कमी रनिंगवाल्या गाडीला शौकीन मोठी किंमत मोजतात.

मात्र नुसती झाकून ठेवली म्हणजे गाडी जपली असं होत नाही. उभ्या गाडीत पेट्रोल खराब होतं, रबरी पाइप तडकतात, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात. त्यामुळे जाणकार मालक वेळेवर ऑइल बदलतात आणि अधूनमधून इंजिन चांगलं तापेपर्यंत गाडी फिरवतात. दारातल्या जुन्या जीपला किंवा बुलेटलाही हाच नियम लागू पडतो.