स्थौल्य-शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण : स्थूल की कृश?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंची गणना आठ निंदित पुरुषांत केली आहे. दोघांच्या चिकित्सेची दिशा मात्र भिन्न : स्थूलास गुरु व अपतर्पणकर, कृशास लघु व संतर्पणकर. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा देह पुष्कळदा स्थूलच दिसतो, परंतु धातू कृशाचे झालेले असतात. आमच्या मते त्याची चिकित्सा कृशाप्रमाणेच व्हावयास हवी.

श्री. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचे नाव वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. जळगाव-धुळ्याकडील रुग्ण त्यासाठी बहुधा मुंबई, पुणे, नाशिक वा सुरत गाठतो. प्रारंभी तो तपासणीस जातो. पुढे वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, की एवढा प्रवास नकोसा होतो. त्यानंतरच्या तक्रारी घेऊन तो आपल्या दारी येतो.

शस्त्रक्रिया निरर्थक, असे म्हणणे न्याय्य नव्हे. स्वीडनमध्ये १९८७ साली आरंभलेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल व्यक्तींपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी अधिक आढळले. तथापि सर्वसामान्य जनतेपेक्षा ते सुमारे साडेपाच वर्षांनी कमीच राहिले.

स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी ठेवून अन्न थेट लघ्वंत्राच्या पुढील भागात सोडतात. परिणामी बी-१२ चे शोषण मंदावते. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने हातापायांची बधिरता व पांडुता उशिरा प्रकटते. मूळचा शाकाहारी असेल तर लवकर. लोह व कॅल्शियम ज्या ड्युओडिनममध्ये मुख्यत्वे शोषले जातात, तो मार्गच बायपासमध्ये वगळला जातो.

अशा रुग्णास थकवा आला की दुकानातून लोहासवाची बाटली दिली जाते. येथेच थांबून विचार करावा. आसव-अरिष्टांत साधारणपणे ५ ते १० टक्के स्वयंनिर्मित मद्यार्क असतो, शिवाय गूळ वा साखर. बायपासनंतर मद्यार्क रक्तात त्वरेने व अधिक प्रमाणात पोहोचतो. अशा रुग्णांत मद्यासक्तीचा धोका वाढल्याचेही आढळले आहे. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरल्याने घाम, धडधड, चक्कर येते. मात्रा लहान असली तरी दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने, हे विसरू नये. पांडुतेत प्रथम हिमोग्लोबिन, फेरिटिन व बी-१२ पाहावे. तोंडावाटे दिलेले लोह लागू न पडल्यास शिरेवाटे द्यावे लागते, आणि ते काम रुग्णालयाचे.

वजन पुन्हा वाढू लागले म्हणून हा रुग्ण मेदोहर योग मागतो, कोणी वमन-विरेचनाचा आग्रहही धरतो. उत्क्लेश, लंघन, तीक्ष्ण शोधन हे सारे आम्हांस येथे वर्ज्य वाटते. सतत उलट्या होत असतील तर थायमिन संपते. दृष्टीचा गोंधळ, चालताना तोल जाणे, भ्रम ही लक्षणे दिसताच थायमिन देण्याची घाई करावी, नुसते ग्लुकोज सलाइन आधी चढवू नये. बायपासनंतर कित्येक वर्षांनीही आतडे अडकून अकस्मात तीव्र उदरशूल उठू शकतो. तो शंखवटीने पाहत बसण्याचा शूल नव्हे. रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे न्यावे.

आहारात आपल्या खानदेशाची कळण्याची भाकरी, मुगाचे वरण, ताक उपयोगी, पण घास लहान व सावकाश हवेत. लग्नाच्या पंगतीतील तूप घातलेली बट्टी मात्र पेलत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा एकदम भांडेभर पाणी न पिऊ शकणारा हा रुग्ण शुष्क होतो. बायपासनंतर मूत्रात ऑक्झलेट वाढत असल्याने अश्मरीही संभवते. त्यास दिवसभर घोट-घोट पाणी पिण्यास सांगावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन देण्यापूर्वी या शस्त्रक्रियेविषयी विचारावे. बायपासच्या सांध्याजवळ त्याने व्रण होतो, तंबाखू सोबत असल्यास अधिकच. वैद्यांनी केसपेपरवर प्रकृती व नाडीच्या रकान्यांशेजारी आणखी एक ओळ आखून घ्यावी : पोटाची शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या साली.