नव्वद अधिक अर्धा म्हणजे ट्रायथलॉन

‘बेसबॉल नव्वद टक्के डोक्यानं खेळतात, उरलेला अर्धा शरीरानं,’ असे यॉगी बेरा म्हणाल्याचे सांगतात. न्यूयॉर्क यांकीजकडून दहा वेळा वर्ल्ड सीरीज जिंकणारा हा अमेरिकी खेळाडू (१९२५-२०१५) खेळाइतकाच अशा उफराट्या वाक्यांमुळे लक्षात राहिला. त्याला मांडी घालून बसलेला पाहून एका मित्राला चित्रपटातला भारतीय योगी आठवला आणि ‘यॉगी’ हे टोपणनाव कायमचे चिकटले.

नव्वद आणि पन्नास मिळून १४० होतात. शाळेत या उत्तराला भोपळाच मिळाला असता. पण ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे, असे पूर्ण आयर्नमॅन ट्रायथलॉनचे अंतर मैलांत मोजले तर १४०.६ भरते! २०१९ मध्ये पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर याची निम्म्या अंतराची शर्यत झाली आणि आपल्याकडेही चाळिशीतल्या नोकरदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत पोहण्या-पळण्याच्या गप्पा वाढल्या. तयारी करणाऱ्यांना यॉगीची विनोदी वाक्ये आणि आपल्या आजीच्या म्हणी चांगल्या उपयोगी पडतात.

पहिली म्हण, ‘पी हळद अन् हो गोरी.’ नियमित व्यायामाने हृदय आणि फुप्फुसांची क्षमता काही आठवड्यांतच वाढू लागते. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडे मात्र त्या वाढीव भाराची सवय व्हायला काही महिने घेतात. म्हणजे दम म्हणतो ‘चल’, तेव्हा नडगी म्हणत असते ‘थांब’. बहुतेक दुखापती या भांडणातून होतात. म्हणून आठवड्यातला बराचसा सराव शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ वेगाने करावा. शरीर घडते ते सरावानंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. पहाटे चारला उठायचे आणि रात्री बारापर्यंत मालिका पाहायची, हा सराव नव्हे, उधारी आहे.

यॉगीचे दुसरे वाक्य, ‘नुसतं बघितलं तरी बरंच काही दिसतं.’ हे पोहण्याला चपखल बसते. तलावात तळाशी रेघ असते, भिंत असते. समुद्रात लाटा, गढूळ पाणी आणि शेकडो हातपाय असतात. अमेरिकेतील ट्रायथलॉनमध्ये १९८५ ते २०१६ या काळात झालेल्या मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९० घटना पोहताना घडल्या होत्या आणि बळींमध्ये पुरुष ८५ टक्के होते. प्रमाण लाखात दोनपेक्षाही कमी, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. बेफिकीर राहण्याचेही नाही. सरावात छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे, यांना ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून घालवू नका. चाळिशी उलटली असेल किंवा घरात हृदयविकार असेल, तर नावनोंदणीआधी डॉक्टरांना भेटा. शर्यतीच्या आदल्या दिवशी किनाऱ्यावर उभे राहून पाणी कोणीकडे ओढते ते पाहा. पाण्यात घाबरल्यासारखे झाले तर उताणे व्हा, हात वर करा. सुरक्षा होडीला धरून विसावा घेता येतो. तिच्या आधाराने पुढे सरकले नाही तर कोणी बाद करत नाही.

तिसरी गोष्ट पोटाची. १९७८ मध्ये हवाईतील ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली. सुरुवात पंधरा जणांनी केली, पूर्ण बारा जणांनी. सायकलनंतर जॉन डनबार आघाडीवर होता. पण धावताना त्याच्या मदतनीसांकडचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटांत जिंकला. ‘शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही’ हा नियम याहून मजेदार रीतीने कोणी समजावला नसेल! यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण २,००० कॅलरींची असते. ती काही तासांत ओसरते आणि मग पाय शिशाचे होतात. त्यामुळे दीर्घ शर्यतीत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात ती सुमारे २५ ग्रॅम असतात. पोटालाही याची सवय सरावातच लावावी लागते. पाण्याच्या बाबतीत ‘अति तेथे माती’ हे शब्दशः खरे आहे. तहानेपेक्षा कितीतरी जास्त साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

यॉगीचे सर्वांत प्रसिद्ध वाक्य, ‘संपत नाही तोवर संपलेलं नसतं.’ १९७३ मध्ये तो प्रशिक्षक असलेला मेट्स संघ हंगामाच्या मध्यावर गटात तळाला होता आणि अखेर गटविजेता ठरला. शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये हे वाक्य अनेकांना ओढून नेते. ट्रायथलॉनमध्ये मात्र ते जपून वापरावे. कंटाळा, जड झालेले पाय, ‘मी इथं कशाला आलो’ हा प्रश्न, यांना हे उत्तर ठीक आहे. पण बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे किंवा स्थळकाळाचे भान सुटणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. घाम सुटत असला तरीही. अशा वेळी शर्यत संपली असे समजावे. त्या व्यक्तीला सावलीत नेऊन थंड पाणी किंवा बर्फाने अंग झपाट्याने गार करावे आणि वैद्यकीय पथकाला बोलवावे. तिला स्वतःला हे कळत नसते, म्हणून निर्णय सोबत्याने घ्यायचा असतो.

पदक न घेता घरी परतलेल्याला चार लोक चार दिवस विचारतात. तेवढे सोसावे. पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवता येते.